चूल नको, मोरी मांड

“काकू, आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. मी स्वयंपाकाला लागले की लेक कट्ट्याशी लुडबुडायला येते. तिच्या वाढदिवसाला खेळातलं स्वयंपाकघर घ्यावं असं मनात आहे. ऑनलाइन एक लाकडी पाहिलं. शेगडी, ओव्हन, सिंक, वर खुंट्या, असं सगळं आहे. किंमत १३,९९९. दिवे लागणारं, आवाज करणारं प्लॅस्टिकचं तीन हजारांत मिळतं, पण घरात आधीच प्लॅस्टिकचा ढीग आहे. मिस्टर म्हणतात, काहीही आण, दोन महिन्यांत माळ्यावर जाणार. सासूबाईंची पितळी भातुकली शोकेसमध्ये आहे, चाळीसेक नग, पण त्या कुणाला हात लावू देत नाहीत. मला टिकणारं, पर्यावरणाला जड न होणारं आणि खरंखुरं चालणारं काहीतरी हवंय. विकत घेऊ, सुताराकडून करून घेऊ, की नादच सोडू?”

अगं, ‘खरंखुरं चालणारं’ या तुझ्या दोन शब्दांखाली मी रेघ मारून ठेवली आहे. आता सांग, त्या चौदा हजारांच्या वस्तूत चालतं काय? बटणं फिरतात. ओव्हनचं दार उघडतं. (लेकीने घरात ओव्हन पाहिलाय का, हा प्रश्न मी विचारत नाही.) नळ आहे, त्याला पाणी नाही. सिंक आहे, त्याला भोक नाही. स्वयंपाकघराचा फोटो लाकडात काढावा तसं ते आहे. दिसायला गोड, मान्य. आठ दिवस लेकही खूश असेल. नवव्या दिवशी ती पुन्हा तुझ्या कट्ट्याशी येऊन उभी राहील, कारण पाणी तुझ्याकडे आहे, कणीक तुझ्याकडे आहे आणि आवाज करणारी खरी भांडीही तुझ्याकडेच आहेत.

बालवाडीत सव्वीस वर्षं काढली मी. भातुकलीचा कोपरा आमच्याकडे कायम असायचा. तिथली खेळातली शेगडी पोरं पाच-सात मिनिटांत सोडत. मोरीपाशी मात्र रांग. एक पोरगं होतं, शाळेत आल्यावर दप्तर टाकलं की तडक तिकडे. वाटीने तांब्या भरायचा. तांब्या चहाच्या गाळणीत ओतायचा. गाळणीखालच्या वाटीत किती पडलं आणि बाहेर किती सांडलं, हे वाकून बघायचं. मग पुन्हा. पाऊण पाऊण तास चालायचं हे, तोंडातून एक शब्द नाही. एक दिवस त्याने माझा पदर ओढला आणि म्हणाला, “बाई, सात वाट्या म्हणजे एक तांब्या.” सात कुणी शिकवले नव्हते त्याला.

तेव्हा माझं म्हणणं असं, की आधी मोरी मांड. चुलीचं नंतर बघू.

ही काही माझी हुशारी नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा उघडली, तेव्हा छान छान खेळणी बाजूला ठेवून पोरं खरी कामं मागतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. झाडणं, पुसणं, ओतणं, बटणं लावणं. पण त्यांची साधनं आपल्याकडे परवडण्यासारखी नव्हती. आपल्याकडे बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी गुजरातेतले शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, मग १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं, माती असं हाताशी येईल ते शिकवायला घेतलं. वापरून झालं की परत मातीत. ‘इको-फ्रेंडली’ म्हणून वेगळा भाव लावायची तेव्हा कुणाला गरज पडली नाही.

आणि तुझ्या शोकेसमध्ये काय आहे, ते एकदा नीट बघ. जुन्या भातुकलीत बंब असतो, त्याला फिरणारी चावी असते. पुरणयंत्र असतं, त्याचा दांडा फिरतो. शेवेचा सोऱ्या असतो, त्यातून खरोखर शेव पडते. रवी असते, किसणी असते, मोदकपात्र असतं. आपल्या पणज्यांच्या काळी ‘चालणारं’ खेळणं एवढं सहज होतं की त्याला तसं वेगळं म्हणावं लागत नव्हतं. मग सासूबाई ते काचेआड का ठेवतात? माहेरचं असणार ते, आणि चाळीस नगांतला एक जरी कचऱ्यात गेला तरी तो पुन्हा मिळणार नाही. त्यांचं चुकत नाही.

म्हणून पूर्ण भातुकली मागूच नको. चार नग माग, आणि तेही लेकीसाठी म्हणून मागू नको. “आई, रविवारी दुपारी तुम्ही तिला सोऱ्याने शेव पाडून दाखवाल का?” एवढंच विचार. काचेचं दार त्यांनीच उघडायचं आणि खेळ संपला की त्यांनीच मोजून आत ठेवायचं. आठवड्याला एक तास. बघ काय होतं ते. चाळीस वर्षांत ‘आत कसं चालतं?’ असं त्यांना कुणी विचारलंच नसेल, हेही शक्य आहे.

पितळेबद्दल दोन शब्द मात्र ऐकून ठेव. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, पण ओतकाम आणि कातकाम सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसंही घालत आले आहेत. त्यामुळे पितळी नग धाकट्याच्या तोंडात जाता कामा नयेत. मोठीनेही त्यातून खायचं-प्यायचं नाही, निदान कल्हई नसेल तर नाहीच. ताक, चिंच, लिंबू पितळेत कळकतं, हे मी सांगायच्या आधी सासूबाईच सांगतील. कल्हई करून घ्यायची असेल तर कल्हईवाल्याला शुद्ध कथलाचीच कर म्हणून सांग. स्वस्तात उरकायला कथलात शिसं मिसळलेलं असलं तर सगळ्यावर पाणी. लेकीला समोर बसवून कल्हई दाखव मात्र. भांडं तापतं, नवसागराचा पांढरा धूर निघतो, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की काळपट तळ एका झटक्यात आरशासारखा होतो. धुराच्या वाऱ्याला बसवू नको, तेवढं बघ.

रोजच्या खेळाला स्टीलची भांडी बरी. नवी घ्यायलाही नकोत. दोन वाट्या, एक लोटी, झाकणाची छोटी कढई, चहाची गाळणी, मसाल्याच्या डब्यातला जुना चमचा, आणि जत्रेत मिळतं तसं बारकं पोळपाट-लाटणं. नरसोबाच्या वाडीला जाणं होतंच की तुमचं. कवठाची बर्फी घेताना शेजारच्या दुकानांतही डोकाव.

आता मोरी. आरओ आल्यापासून किती घरांच्या माळ्यावर तो जुना स्टीलचा कँडल फिल्टर पडून आहे! तुमच्याकडे नसला तर माहेरी असेल. वरचा भाग आणि कँडल काढून टाक. खालचा चावीवाला डबा म्हणजे तुझी पाण्याची टाकी. सुताराकडून एक बुटकं टेबल करून घे, त्याच्या फळीला गोल भोक पाड आणि त्यात काठाचं स्टीलचं पातेलं बसव. काठावर ते टेकलं पाहिजे, म्हणजे पाणी भरलं की उचलून रिकामं करता येतं. हेच तुझं सिंक. मागे एक आडवी फळी टाकून त्यावर फिल्टर ठेव. झाली मोरी. पाणी एकच लोटी भरायचं. संपलं की संपलं. पातेल्यातलं पाणी तिनेच तुळशीला घालायचं. एका लोटीत किती भांडी निघतात, हा हिशेब ती आपोआप करायला लागते.

उंची मोजूनच कर. लेकीला भिंतीशी उभी कर, कोपर काटकोनात वाकव, जमिनीपासून कोपरापर्यंत मोज आणि त्यातून दोन इंच वजा कर. तिच्या वयाला हे २० इंचांच्या आसपास येईल. ऑनलाइनच्या ‘३ ते ८ वर्षे’ वाल्या वस्तूंत इथेच गडबड असते. तीनच्या मुलीला उंच आणि आठच्या मुलीला ठेंगणं. टेबलाच्या चारही पायांखाली नंतर दोन-दोन इंचांचे ठोकळे लावता येतील असं सुताराला आत्ताच सांग, म्हणजे दरवर्षी थोडं उचलता येईल. आणि टेबल मागच्या भिंतीला एल-पट्टीने पक्कं कर. पोरं काठाला लोंबकळतात. भरलेला फिल्टर वरून आला तर काय, हा विचार खरेदीच्या नादात राहून जातो.

एवढाही खटाटोप नको असेल तर चौरंग आहेच. भातुकली मुळात बसून खेळायची, आणि पाटावर बसलेल्या साडेतीन वर्षांच्या पोरीला चौरंग अगदी कट्ट्यासारखा येतो. सत्यनारायणाचा मात्र घेऊ नको. घरात दुसरा वाद नको तुला.

लाकडाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी एकदा पोळले आहे. आमच्या बालवाडीला कुणीतरी हौसेने खेळातला ओटा दिला होता. दिसायला लाकडी, आतून एमडीएफ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या खोलीत पाणी शिरलं. ओसरल्यावर कुलूप उघडलं तेव्हा तो ओटा चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला होता. हात लावला तिथून पापुद्रे सुटले. त्याच खोलीतला दगडी खलबत्ता, स्टीलची परात आणि सागवानी पाट आम्ही चिखल खरवडून, धुऊन, उन्हात ठेवले आणि वापरायला घेतले. तो पाट अजून आहे. ओटा घंटागाडीत गेला, आणि गाडीवाला म्हणाला, याचं काही होत नाही हो बाई, भंगारवालापण घेत नाही.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि गोंद. बऱ्याचदा त्या गोंदातून फॉर्मल्डिहाइडचा वायू हळूहळू सुटत राहतो. नवीन फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, त्यात याचाही हात असतो. पुरात सोड, रोज पाणी सांडणाऱ्या मोरीलाही ते कुचकामी. तुला शिवण, साग किंवा आंबा, जे सुताराकडे तुकड्यांत पडलं असेल ते चालेल. शिवण हलकी, पिळ न खाणारी. लहान वस्तूला फार चांगली. प्लायवूडच घ्यायचं झालं तर पाण्याला टिकणारं, आयएस ७१० चा शिक्का असलेलं घे आणि कडा उघड्या ठेवू नको.

जुनं लाकूड वापरलंस तर मला जास्त आवडेल, फक्त दोन गोष्टी बघ. पॅकिंगच्या खोक्यांची फळी आणलीस तर तिच्यावर जळक्या अक्षरांत शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर ते लाकूड तापवून कीड मारलेलं असतं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते परत दे. शिक्काच नसेल आणि डाग असतील तर तेही नको. दुसरं, जुन्या दारा-खिडकीचं रंगवलेलं लाकूड. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत असलं पाहिजे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसं किती असेल याचा नेम नाही. असा रंग घरात पॉलिशपेपरने घासू नको. ती धूळच सगळ्यात वाईट, आणि तुझा धाकटा रांगतोय. रंगवलेली फळी सोडून दे. बिनरंगाची मिळते.

पॉलिश म्हणून जवसाचं कच्चं तेल. घाण्यावर मिळतं. ‘डबल बॉइल्ड’ नको, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात दे, पुसून काढ, वाळू दे, पुन्हा दे. कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं आणि पावसाळ्यात तर अंतच बघतं, म्हणून वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नको. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा हात. एक जपायचं: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून दोरीवर वाळत घाल. सुतारकामाच्या दुकानांना अशा आगी लागल्या आहेत.

चुलीचं काय म्हणशील. गरम होणारं काहीही नको, पण चूल असू दे. कुंभाराकडे हातभर मातीची मिळते. तीन विटा मांडल्या तरी चालतं. आणि बोळकी विकत घेऊ नको. संक्रांतीची सुगडं काय करतेस तू? दरवर्षी पाच यायची, दरवर्षी कुठेतरी ठेवायची आणि शेवटी टाकायची. साधी, बिनरंगाची असतील ती धुऊन लेकीला दे. फुटली तर कुंडीत, निचऱ्याला खापऱ्या होतात. फुटतं हे कळायलाही हातात फुटणारं काही लागतं. तुकडे मात्र तू उचल.

स्वयंपाक कशाचा, तर रोजच्या कणकेचा. लिंबाएवढा गोळा तिचा. दुकानातला रंगीत चिखल नको, आणि भरपूर मीठ घालून टिकवलेली कणीकही नको. ती पोटात गेली तर बाधते. आपण हळदीच्या गावची माणसं, तर चिमूटभर हळद घाल. मग एक गंमत दाखव. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाक, पाणी लालसर होतं. त्यात लिंबू पिळ, परत पिवळं. आमच्या बालवाडीत हे रोज मागायची पोरं. तेवढी लिंबं आम्हाला परवडत नव्हती, म्हणून शुक्रवार ठरवला होता. (चुन्याने रंग जास्त खुलतो, पण चुना पोरांच्या डोळ्यांजवळही नको.)

आता धाकटा. तो आहे म्हणून मला धास्ती आहे. तुझ्या अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा गोल कर. त्यातून जे आरपार जाईल ते त्याच्या हाताला लागू नये. चिंचोके, हरभरे, शेंगदाणे, खेळातल्या बांगड्या, सगळं आलं त्यात. हरभरा नाकात गेला तर फुगतो, हे पुढचं. तेव्हा दाण्यांचा खेळ धाकटा झोपला असतानाच, आणि मोजून. आपल्या जुन्या भातुकलीत गुंजा असायच्या, एरंडाच्या बिया असायच्या. दोन्ही विषारी आहेत. आजीच्या डब्यातून निघाल्या तर थेट टाक. सगळं जुनं ते सोनं नसतं. पाण्याचंही तसंच. पातेल्यात चार बोटं पाणी असलं तरी धाकट्याला तिथे एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी नाही. खेळ झाला की पातेलं आणि फिल्टर दोन्ही रिकामे करून पालथे ठेव. तुंबलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाला आठवडाभर पुरतो.

त्या दिवेवाल्या प्लॅस्टिकच्या शेगडीला मीही नाही म्हणते, आणि त्याचं कारण प्लॅस्टिकपेक्षा त्यातल्या बटण-सेलचं जास्त आहे. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. कुणी भेट दिलीच तर आधी बघ, सेलचं झाकण स्क्रूने बंद आहे का.

आणि हे सगळं वाचून “काकू, मला वेळ नाही, मी विकतच घेते” म्हणालीस तरी मी रागावणार नाही. दहा महिन्यांचं पोर असलेल्या घरात वेळ कुठला? मग आयएसआय शिक्का बघून घे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना आणि चन्नपट्टणसारख्या भौगोलिक मानांकनाच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून अशा ठिकाणी शिक्का दिसला नाही तर दचकू नको. सावंतवाडीला कुणी जाणार असेल तर तिथली लाकडी फळं-भाज्या मागव. रंगाचं तेवढं विचारून घे.

मिस्टरांना सांग, माळ्याची भीती खरी आहे. म्हणून सगळी भांडी एकदम काढायचीच नाहीत. सहा बाहेर, बाकी डब्यात, पंधरा दिवसांनी अदलाबदल. आणि लेक जेव्हा खऱ्या कट्ट्याशी येईल तेव्हा तिला “जा, तुझ्या किचनमध्ये खेळ” म्हणून पिटाळू नकोस. मटार सोलायला दे, कोथिंबीर निवडायला दे. अर्धी दांड्यांसकट येईल. तशीच आमटीत टाक.

फिल्टरची चावी गळणार. इतकी वर्षं कोरडा पडलाय म्हणजे आतला रबरी वायसर वाळून गेला असणार. पहिला खर्च तोच कर, मग सुताराला बोलाव.